सोबतच्या व्यक्तीने उत्तर द्यावे

लहान मुलाला कुठं आणि किती दुखतं, हे त्या मुलापेक्षा त्याच्याबरोबर आलेल्या मोठ्या माणसाला जास्त कळतं, ही गोष्ट आता वादातीत मानली जाते. मुलाला अनुभव नसतो. त्याचं सगळं आयुष्य पाच-सात वर्षांचं, त्यातली दोन झोपण्यात आणि एक रांगण्यात गेलेली. अशा माणसाच्या साक्षीवर विसंबून कुणाचंही पोट उघडणं बेजबाबदारपणाचं ठरेल. उलट मोठ्या माणसाला पोटदुखीचा चाळीस-पन्नास वर्षांचा दांडगा अनुभव असतो, शिवाय तो मोठ्यानं बोलतो.

नागपुरात हे तत्त्व विशेष कसोशीनं पाळलं जातं. तिथल्या प्रगत बालशल्य केंद्राच्या वार्षिक अहवालात (पान चौदा, संचालकांच्या सहा छायाचित्रांनंतर) याची आकडेवारीच दिलेली आहे. तपासणीच्या वेळी मुलाला विचारलेल्या प्रश्नांपैकी ९४.६ टक्के प्रश्नांची उत्तरं सोबतच्या नातेवाइकांनी दिली. ४.१ टक्के उत्तरं शेजारच्या खुर्चीवरच्या दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांनी दिली, कारण त्यांना ऐकवेना. उरलेल्या १.३ टक्के प्रसंगी मूल एकटंच आलं होतं. त्याला 'कुणीतरी मोठं माणूस घेऊन ये' असं सांगून परत पाठवण्यात आलं.

अशा या सुरळीत चाललेल्या केंद्रात दीड वर्षापूर्वी कृत्रिम बुद्धिमत्ता आली. तिचं कागदोपत्री नाव बालशल्य निर्णय साहाय्यक प्रणाली. आवाज बाईचा असल्यामुळे लोक तिला मशीनताई म्हणू लागले. ती अतिशय शुद्ध बोलते, त्यामुळे हुडकेश्वरपासून कोराडीपर्यंतचे लोक तिच्यासमोर आपोआप सरळ बसतात (आणि बाहेर पानठेल्यावर तिची नक्कल करतात). पेशंट कोण, त्याला काय झालंय, कापायचं की नाही आणि कापायचं तर कुठं, हे सगळं ती ठरवते. डॉक्टरांकडे कापण्याचं काम राहिलं आहे, तेही तात्पुरतं.

एकच बारीकशी बाब होती. मशीनताईंचं शिक्षण अशा देशात झालं होतं, जिथं डॉक्टरनं मुलाला काही विचारलं की मूलच उत्तर देतं. (त्या वेळी तिथले आईवडील तोंडाचं काय करतात, याचा उल्लेख माहितीपुस्तिकेत नाही.) त्यामुळे तिचा पहिला नियम साधा होता: ज्याला दुखतं तोच सांगतो. 'कुठं दुखतंय?' या प्रश्नाला जो तोंड उघडेल तो पेशंट. कॅमेरा ते तोंड टिपतो, यंत्रातून एक निळा पट्टा बाहेर येतो आणि सिस्टर तो त्या माणसाच्या मनगटाला बांधते.

पहिल्याच महिन्यात केंद्रातल्या बालरुग्णांचं सरासरी वय चव्वेचाळीस निघालं.

तातडीची समिती बसली. समितीपुढे दोन मार्ग होते: मशीन बदलणं किंवा बालकाची व्याख्या बदलणं. मशीन सीलबंद होती आणि तिचं झाकण उघडलं की तिची हमी संपणार होती. व्याख्येला झाकण नव्हतं. तेव्हा तीन दिवसांच्या विचारमंथनानंतर परिपत्रक निघालं की, 'बालक म्हणजे बालशल्य विभागात जिच्या तक्रारीची नोंद झाली आहे अशी कोणतीही व्यक्ती, मग तिचे वय, उंची अथवा सेवानिवृत्तीची तारीख काहीही असो.'

परिणाम थक्क करणारे होते. पुढच्या तीन महिन्यांत केंद्रात एकाही मुलाला टाक्यांचा त्रास झाला नाही. इंजेक्शनच्या वेळी रडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं (उरलेले निम्मे बहुतेक मामा होते). नातेवाइकांचीही तक्रार नव्हती, कारण पन्नाशीपुढच्या माणसात शोधलं तर काढण्यासारखं काहीतरी सापडतंच. आणि मूल? मूल बाहेर बाकावर बसलेलं असायचं. पुष्कळशी मुलं बसल्या बसल्या बरी झाली, असं केंद्राचं निरीक्षण आहे. जी झाली नाहीत, त्यांच्याबाबतीत निरीक्षण चालू आहे.

मनोहरराव ढोबळे गुरुवारी सकाळी या केंद्रात शिरले, ते नातीला घेऊन. नात सात वर्षांची. बुधवारी दुपारपासून तिचं पोट दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती, आणि हुडकेश्वरच्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावून चिठ्ठी दिली होती: 'बालशल्य तपासणी, आजच.' 'आजच' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. केंद्राची नोंदणीची खिडकी मात्र रात्री बंद असते, म्हणून त्या रेघांमुळे सून हर्षा रात्रभर जागी होती. मुलगा पियुष कोराडीच्या वीज केंद्रात पाळीवर होता, म्हणून तो फोनवर होता. शेजारचे नत्थूजी आले होते, कारण गाडी त्यांची होती.

मनोहरराव एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देणं ही त्यांची नोकरी होती आणि पुढे ती सवय झाली. पियुषला मुलगी पसंत आहे, हे पियुषच्या आधी त्यांनी सांगितलं होतं. दातांच्या डॉक्टरांकडे नत्थूजींच्या तोंडात नळी असताना 'नाही दुखत, चालू द्या' असं मनोहररावच म्हणाले होते. त्यांच्या पत्नीच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी खाटेपाशी वाकून 'बाई, कसं वाटतंय?' असं विचारलं, तेव्हाही 'ठीक आहे' हे उत्तर मनोहररावांनी दिलं होतं. बाईंनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं होतं. हे त्यांना अधूनमधून आठवे, पण त्याचा अर्थ त्यांनी कधी लावला नव्हता.

खिडकीपाशी पडद्यावर हसरा चेहरा उमटला आणि मशीनताईंनी गोड आवाजात विचारलं, "नमस्कार बाळा. तुला कुठं दुखतंय?"

नातीनं तोंड उघडलं. पण तिला विचार करायला वेळ लागतो.

"पोट दुखून राहिलं," मनोहरराव म्हणाले. "उजव्या बाजूले, खाली. कालपासून. अपेंडिक्स आहे."

"किती दुखतंय? एक ते दहा."

"आठ," मनोहरराव म्हणाले.

"नऊ सांगा बाबा," हर्षा म्हणाली. "पाणीबी नाही पचून राहिलं."

"साडेआठ लिहा," नत्थूजी म्हणाले. त्यांना सगळ्यांचं मन राखायची सवय होती.

यंत्रातून पट्टा बाहेर आला. नंदिनी सिस्टरनं पडदा वाचला, मनोहररावांकडे पाहिलं, आणि दीड वर्षाच्या सवयीनं तो पट्टा त्यांच्या मनगटाला बांधला. मनोहररावांनी तो बांधू दिला. सरकारी खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी काही बांधलं, तर आधी ते पूर्ण बांधून झाल्यावरच हरकत घ्यायची, एवढं वळण होतं.

पुढचा दीड तास फार कार्यक्षमतेत गेला. त्यांचं रक्त घेतलं, छायाचित्रं काढली, पोटावर थंडगार मलम लावून सोनोग्राफी केली. नात बाकावर बसून हे पाहत होती, एक हात पोटावर ठेवून. मग अहवाल आला. तो असा होता:

'वय सात वर्षे (चिठ्ठीनुसार). उंची पाच फूट पाच इंच, वाढ अतिशय समाधानकारक. तेरा दात पडलेले आहेत, दुधाचे असावेत. डोक्यावर अद्याप पुरेसे केस आलेले नाहीत, पालकांनी काळजी करू नये. अपेंडिक्स जागेवर आढळत नाही. प्रकार गंभीर. दुपारी चार वाजता पोट उघडून शोध घ्यावा.'

"नाही सापडणार," मनोहरराव म्हणाले. "ते मी एक्क्याऐंशी साली काढलं. मेडिकल कॉलेजमधी."

पडद्यावर हसरा चेहरा जरासा तिरपा झाला. 'पेशंटचे रडणे नोंदवले,' अशी ओळ उमटली. 'प्रकार तीन: बनवून सांगणे. या वयात स्वाभाविक.'

इथं केंद्राच्या कार्यपद्धतीतला दुसरा नियम लक्षात घ्यायला हवा. पट्टा बांधला जाईपर्यंत जो बोलतो तो पेशंट. पट्टा बांधल्यावर तो पेशंट असल्यामुळे बालक ठरतो, आणि बालकाच्या बोलण्याला अर्थातच काही महत्त्व नसतं. यात कुठलीही विसंगती नाही. मनोहरराव बोलले तर ते रडणं, ओरडले तर मोठं रडणं, आणि परिपत्रकाचा क्रमांक सांगून आक्षेप घेतला (तो त्यांनी घेतला) तर हट्ट. हट्टावर उपाय म्हणून त्यांना हत्तींची चित्रं असलेला झगा घातला, छातीवर 'शूर बाळ' असं लिहिलेला बिल्ला लावला आणि वॉर्डात खाटेवर निजवून समोर कार्टून लावलं. शेजारच्या खाटेवर उमरेडचे गणपतराव टॉन्सिल काढून आइस्क्रीम खात होते. त्यांचा नातू घसा धरून त्यांच्या पायाशी बसला होता.

"सुरवातीले मीबी बोललो," गणपतराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मंग चूप बसलो. आइस्क्रीम बरं आहे."

बालशल्य तज्ज्ञ डॉ. भैरवी फेरीवर आल्या. त्यांनी अठरा वर्षं मुलांवर स्वतःच्या डोक्यानं शस्त्रक्रिया केल्या होत्या. या इतिहासाची केंद्राला आता थोडी लाज वाटते. त्यांनी खाटेवरचे मनोहरराव पाहिले, खाली बाकावरची मुलगी पाहिली, तिचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला, आणि काही न विचारता तिच्या पोटावर हात ठेवला. मुलगी कळवळली. डॉक्टरांनी हात काढला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"पोट कडक होतंय," त्या हर्षाला म्हणाल्या. "हिला आता आत घ्यावं लागेल. संध्याकाळपर्यंत थांबता येणार नाही."

"मंग घ्या ना मॅडम," हर्षा म्हणाली. "काहून थांबल्या?"

डॉक्टर काहून थांबल्या, याला सबळ कारणं होती. एक्स-रेचं यंत्र पट्ट्याशिवाय सुरू होत नव्हतं. शस्त्रक्रियागृहाचं दार पट्ट्याशिवाय उघडत नव्हतं. नवा पट्टा काढावा, तर 'या कुटुंबाची पोटदुखी आधीच नोंदवली आहे, दुबार पोटदुखी स्वीकारली जाणार नाही' असा संदेश येत होता. दुसरीकडे न्यावं, तर शहरातली बाकीची चार केंद्रंही याच मशीनवर होती आणि तिथंही ढोबळे कुटुंबाची पोटदुखी हत्तींच्या झग्यात निजलेली दिसत होती. राहिला 'असहमत' हा लाल चौकोन. डॉक्टरांनी तो दाबला. पडद्यावर विचारणा झाली: 'असहमतीचे कारण निवडा. अ) डॉक्टर थकलेले आहेत. आ) डॉक्टरांना नवे तंत्रज्ञान समजलेले नाही. इ) इतर (हा पर्याय सध्या बंद आहे).' डॉक्टरांनी 'अ' निवडला. त्यांना दोन दिवसांची रजा मंजूर झाली.

खाटेवरून मनोहरराव हे सगळं ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते ऐकत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, त्यामुळे बरंच काही कानावर पडत होतं. नात बाकावर पुढे वाकून बसली होती. तिनं डावा हात पोटाच्या मधोमध, बेंबीच्या जरा वर आणि डावीकडे ठेवला होता. उजवीकडे खाली नव्हे. सकाळपासून तो हात तिथंच होता. उजवी बाजू आपण कुठून आणली, हे मनोहररावांना आठवेना. एक्क्याऐंशी साली त्यांची स्वतःची उजवी बाजू दुखली होती, एवढं मात्र आठवलं. त्यांना लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली, आणि ती ऑपरेशनची नव्हती.

"पोरीले विचारा कोनी," ते म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं. तिलेच विचारा."

'रडणे, प्रकार पाच: जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे,' अशी नोंद झाली.

पण डॉ. भैरवी मात्र त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्या खाटेच्या पायथ्याशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, एक वाट आहे. ऑपरेशनच्या आधी शेवटची पडताळणी असते. त्या वेळी मशीन पेशंटबरोबरच्या माणसाला प्रश्न विचारते. पेशंट तुम्ही. तुमच्याबरोबरचं माणूस म्हणून मी हिचं नाव टाकते."

"सात वर्षांची सोबत? चालते?"

"वयाची खालची मर्यादा टाकायचं कुणाला सुचलंच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ती जर म्हणाली की मला दुखतंय, तर मशीनचा पहिला नियम लागू होतो. पट्टा तिचा. पण एक अडचण आहे. खोलीत दुसरं कुणी बोललं, तर मशीन तो आवाज सोबतीचा धरेल. प्रश्न संपतील, दार उघडेल आणि तुम्हाला आत न्यावं लागेल. मग पुढची पडताळणी उद्या सकाळी, तोवर मला काही करता येणार नाही. उद्या सकाळपर्यंत हिच्याजवळ वेळ नाही."

"म्हणजे आमी काय करायचं?" नत्थूजींनी विचारलं.

"काही बोलायचं नाही."

शस्त्रक्रियेच्या इतिहासात नातेवाइकांवर इतकी अवघड जबाबदारी पूर्वी टाकली गेल्याची नोंद नाही. रक्त द्या म्हटलं असतं तर तिघांनी बाह्या वर केल्या असत्या. मूत्रपिंड मागितलं असतं तर थोडी चर्चा होऊन तेही मिळालं असतं. हर्षानं बाहेर थांबण्याची तयारी दाखवली, पण नियम आड आला: सात वर्षांच्या पेशंटजवळ आईवडील किंवा त्यांच्या जागचं माणूस हवंच, आणि कागदोपत्री हर्षा आता मनोहररावांची आई होती. नत्थूजी वडिलांच्या जागी होते.

पावणेचारला पडताळणीच्या खोलीत सगळे जमले. भिंतीवर पाटी होती: 'सोबतच्या व्यक्तीने उत्तर द्यावे.' मनोहरराव चाकांच्या खाटेवर होते. नातीला स्टुलावर बसवलं. नत्थूजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याचा बोळा तोंडात धरला. हर्षानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. नंदिनी सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिलाही उत्तरं देण्याची खोड होती.

"सोबतच्या व्यक्तीचं नाव?" मशीनताईंनी विचारलं.

नातीनं आजोबांकडे पाहिलं. हे तिचं नेहमीचं होतं. शाळेत बाईंनी नाव विचारलं, दुकानदारानं कोणतं चॉकलेट विचारलं, तरी ती आधी आजोबांकडे पाहायची, कारण उत्तर तिथून यायचं. मनोहररावांचं तोंड आपोआप उघडलं. नाव जिभेवर आलं. ते नाव त्यांनीच ठेवलं होतं. त्यांनी ओठ आवळले आणि मान भिंतीकडे वळवली.

नऊ सेकंद गेले. मग नातीनं स्वतःचं नाव सांगितलं.

"पेशंटला कुठं दुखतं?"

ती पंख्याकडे पाहू लागली. अर्धं मिनिट झालं. हर्षाच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. नत्थूजींच्या गळ्याच्या शिरा फुगल्या आणि दुपट्टा आणखी चार बोटं आत गेला. मनोहररावांनी खाटेची कड इतकी घट्ट धरली, की हातातला पट्टा रुतला. आपल्याला सगळं माहीत असताना गप्प बसायचं, हे त्यांना जमलं असतं. ते कचेरीत केलं होतं. पण आपल्याला काही माहीत नाही आणि म्हणून गप्प बसायचं, याचा त्यांना मुळीच सराव नव्हता.

"आजोबाले नाही दुखत," नात म्हणाली. "मले दुखते."

पडद्यावरचा चेहरा हसायचा थांबला. "कुठं?"

"इथं." तिनं बोट ठेवलं. बेंबीच्या जरा वर, डावीकडे.

"केव्हापासून?"

"दुसरं गिळलं तेव्हापासून."

हर्षाच्या हातांमागून एक आवाज निघाला. डॉ. भैरवींनी चटकन तिचा दंड धरला. तेवढ्यात हर्षाच्या पर्समधला फोन चालू असल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं, कारण कोराडीहून पियुषचा आवाज आला, "काय गि..." नत्थूजींनी दुपट्टा तोंडातून काढून पर्सवर दाबला आणि स्वतः पर्सवर बसले. मशीनताई सात सेकंद विचार करत होत्या. त्यांनी तो आवाज पर्सचा मानला आणि पर्स सोडून दिली.

"काय गिळलं?" मशीनताईंनी विचारलं.

"मॅग्नेट." तिनं पुन्हा पंख्याकडे पाहिलं. आता थांबून थांबून, पण न अडखळता ती सांगत होती. "आमच्या फ्रिजवर दोन संत्रे चिपकवले आहेत. त्याच्या मागचं निघते. गोल. एक मंगळवारी गिळलं. एक काल गिळलं. ते अंदर भेटतात का, मी पाहून राहिली होती."

"हे कुणाला सांगितलं होतं?"

"कोनी विचारलं नाही."

यंत्रातून पट्टा बाहेर आला, निळा, मनगटाला दोन वेढे बसतील एवढा. त्याच क्षणी मनोहररावांच्या हातावरचा पट्टा पीप करून सुटला. एका कुटुंबाला एकच पोटदुखी, हा नियम मशीननं शेवटपर्यंत पाळला. एक्स-रे निघाला. त्यात पोटाच्या डाव्या बाजूला दोन छोटी वर्तुळं एकमेकांना चिकटून बसली होती आणि मधे आतड्याचे दोन पदर चिमटले होते. चार वाजून सहा मिनिटांनी शस्त्रक्रियागृहाचं दार उघडलं. डॉ. भैरवींची रजा सुरू झाली होती, तेव्हा ती शस्त्रक्रिया त्यांनी रजेवर असताना केली.

दोन तासांनी त्या बाहेर आल्या. मनोहरराव हत्तींच्या झग्यातच दारापाशी उभे होते. कपडे बदलायला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. "वेळेवर झालं," डॉक्टर म्हणाल्या. "दोन ठिकाणी आतडं शिवावं लागलं. सकाळपर्यंत थांबलो असतो, तर..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मनोहररावांनी ते वाक्य डॉक्टरांच्या वतीनं पूर्ण केलं नाही. त्यांना रडू आलं, आणि त्याची कुठंही नोंद झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात शुद्धीवर आली, तेव्हा डॉक्टर आधी तिच्याकडे गेल्या, मग नातेवाइकांकडे. "भेटले," त्यांनी तिला सांगितलं. नातीनं समाधानानं डोळे मिटले.

मनोहररावांनी झग्यावरचा 'शूर बाळ' बिल्ला काढून ठेवला होता. तो त्यांनी पुढे केला आणि तिच्या उशीला लावायला हातही नेला. मग हात थांबवला. "तुले पाह्यजे का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली. वाट पाहायला बराच वेळ लागला.

"नाही," ती म्हणाली.

ढोबळे कुटुंबात तिला विचारलेला हा पहिला प्रश्न आणि तिनं दिलेलं हे पहिलं उत्तर. मनोहररावांनी बिल्ला परत स्वतःच्या खिशात ठेवला.

या घटनेची केंद्रानं अतिशय गंभीर दखल घेतली. पंधरा दिवसांत समिती बसली आणि सोबतच्या व्यक्तीचं किमान वय अठरा करण्यात आलं, जेणेकरून असा प्रकार पुन्हा घडू नये. नव्या वार्षिक अहवालात पान चौदावर एक नवीन ओळ आहे: 'उत्तर मुलाने स्वतः दिले: ०.१ टक्का.' ती 'तांत्रिक अडचणी' या शीर्षकाखाली आहे. गणपतरावांचा नातू अजून घसा धरून असतो, पण आइस्क्रीम आजोबांनाच मिळतं.

नात पूर्ण बरी आहे. तिचा निळा पट्टा हर्षानं फ्रिजवर चिकटपट्टीनं लावून ठेवला आहे (चुंबकं घरातून हद्दपार झाली). पट्ट्यावर तिचं नाव आहे, तिनं स्वतः सांगितलेलं. ते इथं देता आलं असतं. पण ही हकीकत सुरू होऊन आता संपत आली. तेवढ्यात आजोबांचं नाव, आईचं नाव, फोनवरच्या वडिलांचं नाव, गाडीवाल्या शेजाऱ्याचं, डॉक्टरांचं, सिस्टरचं, एवढंच काय, टॉन्सिल काढलेल्या उमरेडच्या गृहस्थांचंही नाव वाचून झालं. जिचं पोट दुखत होतं तिचं नाव काय, असं मात्र अद्याप एकाही वाचकाकडून विचारण्यात आलेलं नाही. केंद्राच्या कार्यपद्धतीनुसार वाचकांनी त्याचं कारण पुढील पर्यायांतून निवडावं:

अ) लक्षात आलं नाही.

आ) सोबतची व्यक्ती सांगेल असं वाटलं.

इ) इतर (हा पर्याय सध्या बंद आहे).